रात्री एसीसाठी कॅराव्हॅनचा जनरेटर चालू ठेवून झोपलं तर चालेल का?

प्रश्न सांगलीच्या एका ताईंचा आहे. त्यांनी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली वापरलेली कॅराव्हॅन घेतली आहे. मागच्या कप्प्यात ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर, सीटखाली १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी, ३ केव्हीएचा इन्व्हर्टर, एक टनाचा एसी आणि छोटा गीझर. घरात दोन लहान मुलं आणि सासूबाई. त्या विचारतात: रात्री जनरेटर लावून एसीत झोपलं तर चालेल का? गुहागरला होमस्टेच्या सॉकेटला गाडी जोडली तेव्हा दाराच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, ते कशाने? गाडीतला आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून पडतो म्हणून एका वायरमनने तो काढून टाकायला सांगितलंय, काढावा का? आणि जूनमध्ये याच गाडीने हिमाचलमधल्या स्पितीला जायचा विचार आहे, तर आणखी काय बघावं?

नमस्कार ताई. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही, आणि नाही. झिणझिण्यांचं कारण सापडेपर्यंत गाडी कुठल्याही बाहेरच्या सॉकेटला जोडू नका. आता सविस्तर सांगतो. गेली सव्वीस वर्षं मी अशाच गाड्यांचं वायरिंग करतो आहे, आधी व्हॅनिटी व्हॅन, मग फिरते दवाखाने आणि आता कॅराव्हॅन. एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून समजली असती तर बरं झालं असतं. घराची वीज एका जागेवरून, एकाच मीटरमधून येते आणि तिचे गुणदोष घरच्यांना वर्षानुवर्षं माहीत असतात. गाडीला सकाळी जनरेटर, दुपारी बॅटरी आणि रात्री कुणाच्या तरी पडवीतलं सॉकेट. घरात जे वायरिंग निभावून जातं, ते गाडीत निभावत नाही, ते यामुळे.

जनरेटरचं आधी. २०२४ च्या डिसेंबरात केरळमध्ये वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. एसी लावून, जनरेटर चालू ठेवून ती विश्रांती घेत होती. नंतर कोळिकोडच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत जनरेटर पुन्हा चालवून मोजमाप केलं, तेव्हा जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीच्या तळातल्या भोकातून आत येत होता असं दिसलं. भोक काही इंचांचं असलं तरी पुरतं. वायर किंवा पाइप न्यायला पाडलेलं आणि नंतर बुजवायचं राहिलेलं भोक मी जवळजवळ प्रत्येक वापरलेल्या गाडीत पाहिलं आहे.

हिशेब करून बघा. तुमच्या गाडीची आतली जागा साधारण साडेचार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद, एकोणीसशे मिलिमीटर उंच, म्हणजे १५ घनमीटर धरू. अशा खोलीत हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग कार्बन मोनॉक्साइड झाला तर तास-दोन तासांत डोकं दुखायला लागतं आणि तीनेक तासांत जिवाला धोका होतो. १५ घनमीटरला हे प्रमाण गाठायला फक्त ६ लिटर वायू लागतो. तुमच्या जनरेटरचं इंजिन सुमारे २०० सीसीचं असेल. ५० हर्ट्झसाठी ते मिनिटाला ३,००० फेरे फिरतं आणि मिनिटाला दोन-अडीचशे लिटर धूर सोडतं. अशा कार्ब्युरेटरच्या इंजिनाच्या धुरात काही टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. चार टक्के धरला तर मिनिटाला आठ-दहा लिटर झाला. त्यातला शंभरावा हिस्सा जरी आत झिरपला, तरी खिडक्या बंद असलेल्या गाडीत तासाभरात आपण त्या ४०० च्या आकड्यापाशी पोचतो. आणि एसी चालू असताना खिडक्या बंदच असतात.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. जागा माणूस निदान "डोकं धरलंय, मळमळतंय" म्हणून बाहेर येतो. झोपलेल्याला ती संधी मिळत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईबाहेर एका शूटिंगच्या जागी मेकअप करणाऱ्या दोघींना रोज दुपारी डोकेदुखी व्हायची. सगळे उन्हाला दोष देत होते, मीही दिला. व्हॅन भिंतीला टेकवून उभी होती आणि धूर भिंतीवर आपटून परत खालून आत येत होता, हे माझ्या लक्षात चौथ्या दिवशी आलं. त्या दोघींना काही झालं नाही, पण ते चार दिवस मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून रात्री जनरेटर बंद, याला अपवाद नाही. खिडकी थोडी उघडी ठेवू, सायलेन्सरला पाइप जोडून लांब नेऊ, असे उपाय लोक सांगतात. खिडकीतून शुद्ध हवा येते तसा धूरही येतो, वारा कुठून वाहतो त्यावर ते आहे. घरी जोडलेला पाइप कंपनाने सुटतो आणि तो सुटल्याचं आत झोपलेल्याला कळत नाही.

दिवसा, सगळे जागे असतानाही जनरेटर मागच्या कप्प्यात ठेवून चालवणं मला पसंत नाही. दोघांनी उचलून तो गाडीपासून निदान २० फूट, म्हणजे सहा मीटर लांब ठेवा, धुराचं तोंड गाडीपासून उलट्या दिशेला आणि वारा गाडीकडून जनरेटरकडे जाईल असा. तंबू, पडवी, मंडपाखाली कधीच नाही. पाऊस असेल तर त्याच्यापुरतं वेगळं छत हवंच, पण चारही बाजूंनी मोकळं. शेजारी दुसरी गाडी किंवा तंबू असेल तर त्यांच्यापासूनही तेवढंच अंतर, कारण धूर त्यांच्याकडे गेला तर त्यांना कळणारही नाही. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, आणि पेट्रोलचा डबा गाडीच्या आत ठेवू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच मागवा. युरोपच्या ईएन ५०२९१ या मानकाचा दुसरा भाग खास मोटरहोम आणि बोटींसाठी आहे, तो छापलेला अलार्म घ्या. तो झोपण्याच्या जागेजवळ, उशीच्या उंचीच्या आसपास बसवा. या अलार्मची पद्धत अशी आहे: ५० भागांना तो तासा-दीड तासाने वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. त्यामुळे तो वाजला की "बघू थोडं" असं म्हणायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं, सासूबाईंना आणि मुलांना आधी. स्वयंपाकाचा गॅस गाडीत असेल तर त्याचा अलार्म वेगळा लागतो आणि तो जमिनीलगत बसतो, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. एकाच डब्यात दोन्ही, असं सांगून विकतात ती वस्तू दोन्हींपैकी एका कामाला चुकीच्या उंचीवर बसते.

मग रात्री एसीचं काय? तुमच्या बॅटरीत सुमारे अडीच युनिट वीज मावते. इन्व्हर्टरमधला तोटा वजा जाता दोन-सव्वादोन युनिट हाताशी येतात. इन्व्हर्टर पद्धतीचा एक टनाचा एसी रात्री सरासरी पाचशे-सहाशे वॅट घेतो, म्हणजे चार तासांच्या आसपास. १२ व्होल्टचा पंखा २५-३० वॅट घेतो, तो रात्रभर चालून पाव युनिटही लागत नाही. झोपायच्या आधी तासभर बॅटरीवर एसी लावून गाडी थंड करा आणि मग छताचा झरोका उघडून पंखा लावा. एसीशिवाय झोप येणारच नाही अशा एप्रिल-मेमध्ये मुक्कामच सॉकेट असलेल्या जागी ठरवा.

आता गुहागर. तुमच्या गाडीतल्या इन्व्हर्टरच्या चार्जरमध्ये, टीव्हीत, लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग चांगलं असेल तर त्यातून गळणारा किंचित करंट जमिनीत जातो. सॉकेटला अर्थिंगच नसेल तर त्याला जायला वाट राहत नाही, आणि रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीचा सगळा पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. अनवाणी पायांनी ओल्या जमिनीवर उभं राहून हँडल धरलं की तो करंट तुमच्यातून जमिनीत उतरतो. एका उपकरणाचा हा करंट एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो, म्हणून झिणझिण्यांवर निभावतं. पण त्या झिणझिण्यांचा अर्थ असा की गाडीला अर्थिंग नाही. उद्या गीझरचा एलिमेंट फुटला तर त्याच हँडलवर पूर्ण २३० व्होल्ट येतील.

याहून घातक एक शक्यता आहे, ती तपासल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुमच्या गाडीत न्यूट्रल आणि अर्थिंग कायमचे जोडून ठेवलेत का? जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर गाडी चालताना हा जोड लागतो, नाहीतर आरसीसीबीला बिघाड ओळखताच येत नाही. पण बाहेरच्या सॉकेटला जोडताना तो तुटला पाहिजे, कारण तेव्हा तो जोड वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी किंवा घराच्या मीटरपाशी असतो. जुन्या घरांत सॉकेटचे फेज-न्यूट्रल उलटे असणं फार सर्रास आहे. असं उलटं सॉकेट, त्यात अर्थिंग नाही आणि गाडीत कायमचा जोड, या तीन गोष्टी एकत्र आल्या की फेज थेट पत्र्यावर येते. हा जोड गाडीच्या आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला असतो, त्यामुळे तो पडतही नाही. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये हा जोड आपोआप लावणारा-तोडणारा रिले असतो. तुमच्यात आहे का, हे गाड्यांचं काम करणाऱ्या माणसाकडूनच बघून घ्या.

सॉकेट जोडण्याआधी मल्टिमीटरने तीन आकडे घ्यायची सवय लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ९० किंवा ११० असं अधांतरी दाखवत असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे. न्यूट्रल-अर्थ २३० आलं तर सॉकेट उलटं आहे. हे आकडे बरोबर आले म्हणजे अर्थिंग दणकट आहे असं मात्र ठरत नाही, त्यासाठी लूप टेस्टर, म्हणजे अर्थिंगच्या वाटेचा अडथळा मोजणारं यंत्र लागतं. काही वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघतात. तसं करू देऊ नका. पुढे अर्थिंगची तार तुटलेली असेल तर बल्बमधून फेज त्या घरातल्या फ्रीजच्या आणि मोटारीच्या पत्र्यावर जाते, आणि तेव्हा त्याला कुणाचा तरी हात लागलेला असू शकतो.

खेड्यात आणखी एक धोका वेगळाच. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला की एका फेजच्या घरात व्होल्टेज चारशेच्या जवळ जाऊ शकतं. म्हणून गाडीच्या मुख्य बोर्डात कमी-जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारा रिले हवाच. साधारण १८० च्या खाली आणि २६० च्या वर तो तुटला पाहिजे. एसी आणि चार्जरच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

आरसीसीबी पडतो, तो काहीतरी सांगतोय. कधी पडतो ते वहीत लिहा. बाहेरच्या सॉकेटला जोडून एखादा लोड लावताक्षणी पडत असेल, आणि विशेषतः ज्या घराचं सॉकेट आहे तिथला आरसीसीबी पडत असेल, तर वर सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा जोड बहुधा गाडीत राहिला आहे. गीझर लावल्यावरच पडत असेल तर एलिमेंट गळतोय. पावसानंतर किंवा समुद्रकाठी पडत असेल तर बाहेरच्या बाजूचं सॉकेट उघडून बघा, आत हिरवट क्षार दिसतील. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय. तिथे झाकण असलेलं निळं, तीन पिनांचं १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ठेवाच, दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबा, आणि सोबतचे एमसीबी दोन्ही तारा तोडणारे, म्हणजे डबल पोल घ्या, कारण पुढचं सॉकेट सुलटं असेल याची हमी नाही. ज्या वायरमनने तो काढायला सांगितला त्याच्याकडे गाडी पुन्हा देऊ नका.

केबलबद्दल थोडक्यात. अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअरची, रबरी आवरणाची, २५ मीटरपर्यंत. बाजारातल्या एक चौरस मिलिमीटरच्या रीलवर १३ अँपिअर ओढले तर २५ मीटरमध्ये दीडशे वॅट उष्णता केबलमध्येच होते. गुंडाळलेल्या रीलमध्ये ती अडकून प्लास्टिक वितळतं. म्हणून लांबी जास्त असली तरी रील पूर्ण उलगडायची. आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कधी कुणी देऊ केली, "जनरेटर घराला जोडून देतो" म्हणून, तर ती तिथेच कापून टाका. उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. वर ती वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. जनरेटर, इन्व्हर्टर आणि बाहेरचा पुरवठा यांच्यामध्ये एका वेळी एकच लागेल असा, फेज-न्यूट्रल दोन्ही बदलणारा चेंजओव्हर असला पाहिजे.

१२ व्होल्टला शॉक लागत नाही म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात, आणि गाड्यांना आगी लागतात त्या बहुधा इथून. इन्व्हर्टरवर दीड हजार वॅट चालवले तर बॅटरीतून १३० अँपिअर निघतात. एखाद्या ढिल्या लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडणीत, दोन मिलिओहमचा अडथळा असला, तर तेवढ्या जागेत ३४ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखं. तुमची बॅटरी सीटच्या खाली आहे, वर फोम आहे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे का बघा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की हजारो अँपिअर देते आणि साधा फ्यूज तेवढा प्रवाह तोडू शकत नाही, टी क्लासचा लागतो. ३ केव्हीएच्या पूर्ण लोडला सव्वादोनशे अँपिअर लागतात. म्हणून केबल ७० चौरस मिलिमीटरची, लग दाबून क्रिम्प केलेले, सोल्डर नको. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे तार कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी. २३० च्या बाजूलाही एकच जाड तार असलेली घरगुती वायर नको, गाडीच्या हादऱ्याने ती आतून तुटते. बहुतारी वायर वापरा. गीझर बॅटरीवर लावू नका. दोन किलो एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ ठेवा, मागे नको, कारण आग बहुधा मागेच असेल.

एक गोष्ट विचारली नाहीत, तरी सांगतो. गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) लिथियम बॅटरी थेट जोडलेली असेल तर मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवून घ्या. लिथियम मागेल तेवढा करंट देत राहून अल्टरनेटर जळतो, आणि तो घाटात जळला तर गाडीही तिथेच थांबते.

आता स्पिती. तिथलं मुख्य गाव काझा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने घटते, म्हणजे तिथे तुमचा जनरेटर निम्म्याहून थोड्या अधिक ताकदीने चालेल. गीझर आणि चार्जर एकदम लावू नका. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून धुरात कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. त्यात उंचीवरच्या त्रासाची डोकेदुखी आणि या वायूची डोकेदुखी सारखीच असते. तिथे कुणाचं डोकं दुखलं तर आधी अलार्म बघा, जनरेटर बंद करा, गाडीबाहेर या, आणि मग उंचीचा विचार करा. थंडीसाठी शेगडी किंवा गॅसचा हीटर आत पेटवून झोपू नका, त्यांच्यातूनही हाच वायू येतो. आणि बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, तिच्या आतल्या पेशी कायमच्या खराब होतात. तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) थंडीत चार्जिंग रोखण्याची सोय आहे का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

निघण्याआधी मागच्या कप्प्याचा आणि तळाचा आतून-बाहेरून फोटो काढून पाठवा. रात्री गाडीत अंधार करून बाहेरून टॉर्च मारलात तर भोकं लगेच दिसतील. त्या प्रत्येक भोकाला पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट लावायचं, नुसता फोम नको. तोवर जनरेटर घरीच ठेवा.

आणि गुहागरच्या त्या होमस्टेच्या मालकांना फोन करून सांगा की त्या सॉकेटला बहुधा अर्थिंग नाही. तुम्ही एक रात्र राहून निघालात, पण त्यांच्या घरातला फ्रीज आणि विहिरीची मोटार कदाचित त्याच अर्थिंगवर आहे.